खंडेनवमीला धुतलेला रिमोट

आमच्या घरात बिघडलेली वस्तू बाहेर दुरुस्तीला द्यायची पद्धत नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत वायरलेसवर होते. ज्या माणसानं बर्फात बसून सेट दुरुस्त केले त्यानं आष्ट्याच्या बाजारात रेडिओ काखोटीला मारून दुकानाच्या पायरीवर बसायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. परिणामी आमच्याकडे दुरुस्त झालेल्या वस्तू पुष्कळ होत्या आणि धड चालणाऱ्या थोड्या कमी. इस्त्री तापायची, पण मुठीसकट. मिक्सर सुरू करण्याआधी आई पायात चप्पल घालायची आणि देवाचं नाव घ्यायची.

पेन्शनीत आल्यावर चार-पाच वर्षांनी, नव्वदीचं दशक सरत आलं असताना, त्यांनी सांगलीच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी विकत घेतली. डॉक्टर हौशी होते. त्यांनी गाडीला वरून सेंट्रल लॉक बसवून घेतलं होतं आणि त्याचा रिमोट किल्लीच्या कडीत अडकवलेला होता. काड्यापेटीपेक्षा लहान काळा ठोकळा, त्यावर एकच बटण. दाबलं की चारही दारं एकदम खट्ट करून बंद व्हायची, दिवे लुकलुकायचे आणि बॉनेटच्या आतून टुइक असा आवाज यायचा. परत दाबलं की दोनदा टुइक, दारं उघडी. असे दोन रिमोट असतात म्हणे, पण दुसरा डॉक्टरांच्या घरीच कुठंतरी गहाळ झाला होता. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर होते, मोटारसायकली होत्या, पण माणूस लांब उभा आणि दार आपलं आपण उघडतंय हा प्रकार नवा होता. पहिला आठवडाभर लोक गाडी बघायला नव्हे, दार बघायला येत होते.

गाडीला वर्ष व्हायच्या आत आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. मिरजेच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. आधी वाचा आली, मग पाय आला आणि काठी टेकत ते घरी आले. हात मात्र आला नाही. तो कोपरापासून खाली नुसता सोबत असायचा. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो आप्पांनी कपाटात ठेवून दिला आणि चेंडू पोरं खेळत्यात, असं सांगून विषय मिटवला.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि तिथंच खोली करून राहत होते. एका सकाळी आईनं शेजारच्यांच्या फोनवरून शाळेत फोन लावला आणि म्हणाली, तुज्या आप्पांनी गाडी उघडली. मला वाटलं चालवली. मी हेडमास्तरांसमोरच तिला ओरडले. तेव्हा कळलं ते असं: माझ्या चुलतभावानं गाडी अंगणात लावून किल्ली आप्पांच्या मांडीवर टाकली होती. त्यांनी ती डाव्या हातानं उचलून उजव्या मुठीत ठेवली, सहज, जागा आहे म्हणून. आणि अंगठा हलला. गाडी टुइक म्हणाली.

तिथून पुढं त्यांनी स्वतःला हुकूम काढला. सकाळी आंघोळीनंतर पन्नास आणि दिवेलागणीला पन्नास. ओसरीवर ताठ बसायचं, डाव्या हातानं रिमोट उजव्यात द्यायचा आणि दाबायचं. गाडी दिवसात शंभर वेळा उघडायची, मिटायची आणि कुठंही जायची नाही. गल्लीतल्या बायका त्या आवाजावर भात लावायच्या. महिन्यातून एकदा गाडीची बॅटरी उतरायची, मग चुलतभाऊ ट्रॅक्टर आणून तिला वायरी जोडायचा. आप्पा त्याला सांगायचे की ही गाडी थंडी धरते. उन्हाळ्यातही तेच सांगायचे.

त्या बटणावर काय टांगलेलं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जेवण डाव्या हातानं, दाढी डाव्या हातानं, पेन्शनच्या कागदावर सही डाव्या हातानं. उजव्या हाताचं म्हणून एकच काम उरलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माणसानं मनातून हात सोडला की हात सुटतो, मग औषधाचा उपयोग नाही. आईनं हे आप्पांना कधी सांगितलं नाही, पण गाडीचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवून ऐकायची.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. विळा, कोयता, खुरपी, पहार, शिवणयंत्राची कात्री. आप्पांचा मल्टिमीटरही असायचा, त्याच्या काचेवर वर्षानुवर्षांचं कुंकू होतं आणि आकडे त्याच्या आडून वाचावे लागायचे. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, अशी आईची व्याख्या. त्या व्याख्येनं त्या वर्षी रिमोट पाटावर आला. यात तिचं काही चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

चुकलं ते धुण्यात. बटणावर आप्पांच्या अंगठ्याचा मळ बसला होता. तो नुसत्या पाण्यानं निघेना म्हणून तिनं काथ्या घेतला, काथ्यानं निघेना म्हणून राख घेतली. विळा जसा घासतात तसा तिनं रिमोट घासला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि उन्हात वाळत घातला. मग ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं. कुंकू कपाळावर लावतात, आणि रिमोटला कपाळ शोधायचं तर बटणाशिवाय दुसरी जागा नाही. वर अक्षता टाकल्या. पाट दुसऱ्या दिवशी हलवायचा असतो, म्हणून त्या संध्याकाळचे पन्नास आप्पांनी माफ केले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी घरी आले. रविवारपर्यंत रजा जोडून घेतली होती. उंब्रजला गाडी अर्धा तास पंक्चर काढत थांबली, त्यामुळं आप्पांचे सकाळचे पन्नास ऐकायचे हुकणार असं मनात आलं होतं. अंगणात शिरले तर सामसूम. गाडीला झेंडूची माळ घातलेली, आणि आप्पा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. आई चुलीपुढं पुरण वाटत होती आणि वर बघत नव्हती. मी काय झालं विचारलं. ती हळूच म्हणाली की सकाळी दाबून दाबून थकले, गाडी काही उघडली नाही, आणि तेव्हापासून बोलत नाहीत.

मी आप्पांकडे गेले. त्यांनी मान वळवली नाही.

"आंगठा गेला," ते म्हणाले.

मी विचारलं, डाव्या हातानं दाबून बघितलं का. त्यावर ते म्हणाले की उजव्याचं काम उजव्यानं करायचं असतं. ज्या माणसानं तीन तऱ्हेनं तपासल्याशिवाय रेडिओचा साधा सेल कधी फेकला नाही, त्यानं स्वतःचा अंगठा एका सकाळीत निकालात काढला होता. मला त्यांचा राग आला. संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली. आपट्याचं पान उजव्या हातानं द्यायचं आणि घ्यायचं असतं. आप्पा कणकण आहे म्हणून आत जाऊन झोपले, आणि कणकण मुळीच नव्हती.

ते आत असताना मी देवळीतला रिमोट घेतला आणि गाडीसमोर उभी राहून दाबला. काही नाही. दोन्ही अंगठे लावून दाबला. काही नाही. खोटं कशाला सांगू, नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी पळत आत गेले आणि आप्पांना सांगितलं की अंगठा गेलेला नाही, रिमोट बिघडलाय. ते कूस बदलून म्हणाले की मला बरं वाटावं म्हणून तू बटणाच्या कडंला दाबलं असशील. मी शपथ घेतली. म्हणाले, शाळेत शिकवतीस तेवढं पुरं, मला शिकवू नको.

तेव्हा रिमोट त्यांच्या डोळ्यांदेखत उघडण्याशिवाय इलाज नव्हता. मी तो त्यांच्या खाटेवरच घेतला आणि सुरीच्या टोकानं मागचा बारीक स्क्रू काढला. झाकण निघालं. आत हळद-कुंकवाचा चिखल होता, कडेनं राख होती आणि सेलच्या पत्रीखाली तांदळाचा एक दाणा होता. बटणाच्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे झाले होते. आप्पा उठून बसले. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, नाकाजवळ नेऊन वासही घेतला.

"ह्यात कुंकू कुणी भरलं?"

आई दारात उभी होती. ती रडवेली झाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं: काथ्या, राख, तांब्या. लय मळला हुता, एवढंच ती शेवटी म्हणाली. मला वाटलं आता आप्पा घर डोक्यावर घेणार. आप्पांनी फक्त विचारलं की किती वेळ उन्हात ठेवलास. मग म्हणाले की त्यांच्या पलटणीत एकानं सेट नदीत पाडला होता, पण नदीत राख नसते. आणि त्यांनी मला चष्मा आणायला सांगितलं.

त्यानंतरचे दोन दिवस आप्पा आजारी पडल्यापासूनचे त्यांचे सर्वांत चांगले दिवस होते. त्यांना कामाला एक बिघाड मिळाला होता. आईनं इंजेक्शनच्या स्पिरिटची बाटली आणली, मी कापसानं एकेक कोपरा पुसला. आप्पा भिंग घेऊन हुकूम देत होते. प्लॅस्टिकच्या बटणाखाली एक चौकोनी इवलासा खटका असतो, हरभऱ्याच्या डाळीएवढा. खरं काम तो करतो. मी तो नखानं दाबला, आप्पांनी कान लावला. वाजत न्हाई, म्हणाले. मल्टिमीटर लावला, तर कुंकवाआडचा काटा जागचा हलला नाही. हजारो वेळा दाबून खटका आधीच म्हातारा झाला होता, राखेनं त्याला पोचवलं. रिमोटला दुसरा खटका हवा होता.

शुक्रवारी मी सांगलीला गेले. गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं रिमोट हातातही न घेता सांगितलं की पूर्ण सिस्टीम बदला. मग स्टँडच्या मागं एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तो मनगटापर्यंत एका टीव्हीत शिरलेला होता. त्यानं बाहेर येऊन रिमोट बघितला, हुंगला आणि पूजा झालीय का विचारलं. आदल्या वर्षी एका बाईनं टीव्हीलाच अभिषेक केला होता, असं म्हणून त्यानं भंगारातल्या टीव्हीच्या पुढच्या पट्टीवरून तसाच एक खटका काढून दिला. त्याचे पाय जरा वाकडे होते आणि दाबायला तो जड होता, पण वाजत होता. बसवून देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. बाहेर बसवून आणला असता तर आप्पांनी परत म्हटलं असतं की त्यात काहीतरी सोपं करून आणलंय.

शनिवारी दुपारी जोडणी झाली. मी विज्ञान शिकवत होते म्हणजे फळ्यावर विजेच्या आकृत्या काढत होते, सोल्डरिंग आयर्न आयुष्यात हातात धरलेलं नव्हतं. आप्पांनी मला रंगरुटासारखं बसवलं. कोपर टेकव. श्वास सोड, मग टेकव. कथील टोकावर नको, पायावर वितळव. माझं बोट दोनदा भाजलं, तेव्हा ते म्हणाले की तिसऱ्यांदा भाजत नसतं. त्यांचा उजवा हात टेबलावर पडलेला होता आणि डावा हात हवेत माझ्याबरोबर फिरत होता. जुना खटका निघाला, नवा बसला. करंगळीच्या पेराएवढा सेल आत घातला, आणि कोणी काही न दाबता अंगणात गाडी टुइक म्हणाली आणि गप्प झाली. रिमोटचा बारीक लाल दिवा तसाच जळत राहिला.

मी घाबरले. आप्पा क्षणभरही थांबले नाहीत. पाय आडवे लागलेत, म्हणाले, त्याला वाटतंय कायमच दाबून धरलंय. काढ आणि एक घर फिरव. मी काढला, फिरवला, वाकडे पाय ओढूनताणून भोकांत घातले आणि परत डाग दिला. फुटलेल्या बटणाच्या जागी सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला. वाळेपर्यंत चहा झाला. मग मी अंगणात जाऊन दाबलं. जोर लागला, पण दोनदा टुइक झालं आणि दारं उघडली. परत दाबलं, बंद. आई म्हणाली की आता पुढच्या वर्षी लांबूनच फूल वाहीन. मी रिमोट आणून आप्पांच्या उजव्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो डाव्या हातानं उचलला आणि बाजूला ठेवला.

मला वाटलं दमले असतील. संध्याकाळ झाली, दिवे लागले, पन्नासची वेळ आली आणि गेली. मी म्हटलं, आप्पा, दाबा की. राहू दे म्हणाले. मी जरा वेळानं परत म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग मात्र माझा तोल गेला. दोन दिवस घाम गाळला, बोटं भाजून घेतली, ती काय शो-केसमध्ये ठेवायला, असं मी म्हणाले, आणि आणखीही बरंच म्हणाले.

"परवा बटण मेलं हुतं," ते म्हणाले. "आता बटण चांगलं हाय. आता न्हाई उघडली तर आंगठाच."

आम्ही दोन दिवस राबून त्यांची एकुलती एक पळवाट बुजवून टाकली होती. ते जेवले आणि झोपले. मी आणि आई भांडी घासत बसलो आणि भांडी घासता घासता आमचं ठरलं.

रविवारी सकाळी नऊला माझी साताऱ्याची एसटी होती. दुरुस्तीसाठी किल्ली रिमोटच्या कडीतून काढलेली होती. ती आईनं कनवटीला लावली आणि ती मळ्यात निघून गेली. रविवारी ती कधी मळ्यात जात नसे. मी माझी बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, रिमोटनं गाडी बंद केली, आणि आप्पा आंघोळ करून ओसरीवर बसल्यावर रिमोट त्यांच्याजवळ ठेवला. मग एका हातात चिवड्याचा डबा आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन अंगणात उभी राहिले.

मी म्हटलं, माझी बॅग गाडीत राहिली. ते म्हणाले, काढ की मग. मी म्हटलं, माझे हात भरलेत. त्यांनी डब्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. जन्मभर वायरलेसवर निरोप घेतलेल्या माणसाला खोटा निरोप कळत नाही असं नाही. किल्ली कुठं हाय विचारलं. आईकडं, म्हटलं. आई कुठं हाय. मळ्यात. त्यांनी मान हलवली. समोरून कोणीतरी सायकलवरून गेलं, त्याला त्यांनी रामराम घातला. पावणेनऊ झाले होते.

मग त्यांनी डाव्या हातानं रिमोट उचलला आणि उजव्या मुठीत बसवला. बोटं एकेक करून डाव्या हातानं मिटवली. अंगठा ट्यूबच्या तुकड्यावर ठेवला.

पहिल्यांदा काही झालं नाही. अंगठा थरथरला आणि घसरला. त्यांनी तो परत उचलून ठेवला. दुसऱ्यांदाही काही झालं नाही. मला माझीच लाज वाटू लागली. म्हाताऱ्या माणसाला आपण दोघींनी कोंडीत पकडलंय, आणि आता हा हात कायमचा गेला तर ते पाप आपलं, असं वाटलं. डबा खाली ठेवून पुढं जावं आणि स्वतः दाबून टाकावं असंही वाटलं. पण माझ्यानं हललं नाही. मी रस्त्याकडे बघत राहिले. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनीच मला शिकवल्यासारखा: सोडला, आणि मग थांबला.

दोनदा टुइक झालं आणि चारही दारं उघडली.

डोळ्यांत पाणी आलं वगैरे नाही, मी सरळ हुंदके देऊन रडले, अंगणात, डबा आणि पिशवीसकट. आप्पांनी मला थोडं रडू दिलं. मग काठी आपटून म्हणाले,

"बॅग काड लवकर. मला बंद करायची हाय."

मी बॅग काढली आणि दार लावून बाजूला झाले.